गाळलेला ठिपका

माझा थोरला भाऊ नकाशांच्या कचेरीत नकला काढतो. तीस वर्षं एकच उद्योग: लहान नकाशा मोठा करायचा. हात इतका नेमका की बघत राहावं, पण चहात साखर घातली की नाही, ते मात्र दादाला दुसऱ्याला विचारावं लागतं.

लहानपणी मला पाटीवर शिकवायचा. "चौपट मोठं केलं की लांबी चौपट, जागा सोळापट. कोन मात्र होता तेवढाच राहतो." मला जांभया यायच्या.

आमच्या घराच्या जागेचा नकाशा त्यानेच चौपट करून दिला. मूळ कागदावर अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका होता. माशीची घाण समजून दादाने तो नकलेत घेतलाच नाही. त्या नकलेवरून घर उभं राहिलं आणि आम्ही हौसेने राहायला आलो.

परवा दुपारी दादा धापा टाकत आला, काखेत नकाशांची गुंडाळी. कचेरीत आणखी एक जुनी प्रत सापडली होती, वेगळ्याच माणसाच्या हातची. ठिपका तिच्यावरही होता.

"माशी दोन कागदांवर एकाच जागी बसत नाही गं," तो म्हणाला. "विहीर आहे ती."

"आणि हे तू मला अकरा वर्षांनी सांगतोयस?" माझं डोकंच फिरलं.

हद्दीचे दोन जुने दगड नकाशात होते, ते अंगणात अजून आहेत. कागदावरचेच कोन धरून त्याने त्या दगडांपासून खिडक्यांतून दोन दोऱ्या ताणल्या. माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या खाटेवर त्या एकमेकींना छेदून गेल्या.

लेकीला कडेवर घेऊन मी खाट ओढायला लागले. दादाने सतरंजी गुंडाळली. खाली खडूने काढलेलं मोठं वर्तुळ होतं, अगदी गोल.

"मूळ नकाशा एकास चार हजारचा," दादा पुटपुटला. "म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचे दोन मीटर." त्याने टेप लावला. वर्तुळ बरोबर दोन मीटर भरलं.

"हे कोणी काढलं?" मी लेकीला विचारलं.

"मी. ती सांगत होती तसं."

"ती कोण?"

"खालची. म्हणाली, खाट हलवायला सांग, माझे हात दुखतात. मी तुला सांगितलं होतं आई. तू हसलीस."

हसले होते मी. शेजारणीलाही सांगून हसवलं होतं.

खाट कशीबशी बाहेर काढली. दादा शेवटी उंबरठ्याबाहेर आला आणि मागे फरशी खचली. खडूच्या रेषेबाहेरचा एक तुकडासुद्धा हलला नाही. पाण्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

दादा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. लेकीने माझ्या खांद्यावरून वाकून त्या काळोखात पाहिलं.

"आता सोडले तिने हात," ती म्हणाली.