फोटो ज्याचा, तोंड त्याचं बंद

फोटो काढायला गेलं की फोटो येतोच असं न्हाई. किस्सा मात्र येतो! बरं, फोटो डिलीट तरी करता येतो. मी ढिगानं करतो. किस्सा कसा डिलीट करणार? तो दुसऱ्याच्या तोंडात असतो. आमच्या फोटो क्लबात चांगले फोटो मोजके आन् किस्से पोत्यानं. त्यातले निम्मे माझ्यावरचे, म्हणून मीच सांगतो. दुसरा कुणी तिखटमीठ लावून सांगंल, आन् मग माझं डोकं फिरंल.

आधी मी कोण ते ऐका. मी हणमंत, विट्याकडचा. आमच्याकडची गावंच्या गावं गलाईच्या धंद्यात. म्हंजे सराफांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून द्यायचं. देशात कुठं बी जावा, सराफांच्या बोळात आमचा एक माणूस सापडणार. चंदीगडला मी सापडतो, मनीमाजऱ्यात. शाळा सातवीपतूर. डोकं गरम. भट्टीपुढं बसून झालंय म्हणा, न्हाईतर आधीपास्नंच असंल. आन् मला एका जागी बसवत न्हाई. चहा सुदिक मी चालत पितो.

*

क्लबात मी घुसलो तेच भांडत.

एका रविवारी सकाळी रोझ गार्डनमधनं चाललो होतो. एकदम झुडपामागनं आवाज आला, "हलू नको! अजिबात हलू नको!"

मराठीत! चंदीगडात! मी जाग्यावर थांबलो. आन् मग डोकं सणकलं.

"कोण रं तू मला हलू नको म्हणणारा? बाग काय तुझ्या बापाची हाय?"

झुडपामागनं एक पांढऱ्या केसांचा माणूस उठला. चष्म्याला चिखल, गुडघ्याला गवत, गळ्यात कॅमेरा. म्हणाला, "तुम्हाला नाही हो बापा. फुलपाखराला म्हणून राहिलो."

मी म्हणलं, "फुलपाखराला मराठी कळतं व्हय?"

"नाही ना! म्हणून तर उडालं."

हे वैद्य सर. नागपूरचे. सेक्टर तीसच्या सरकारी लॅबमध्ये सायंटिस्ट, आन् इथल्या मराठी लोकांच्या आमच्या फोटो क्लबाचे अध्यक्ष. त्या दिवशी आम्ही बाकावर बसून पोटभर मराठी बोललो. म्हंजे सर बसले, मी बाकाभोवती फेऱ्या मारल्या. पुढच्या रविवारी मी क्लबात!

*

कॅमेरा घेतला. त्यावर एक चक्री असती. ती 'ऑटो'वर लावली की सगळं कॅमेराच बघतो. मी खुश.

सर म्हणाले, "ऑटो नाही चालणार. मॅन्युअल शिका."

"म्हंजे?"

"म्हंजे सगळं आपल्या हातानं करायचं."

"हातानंच करायचं तर मशीन कशाला घेतलं? कागद-पेन्सिल आणली असती की!"

शेजारी ऋचा बसलेली. ही नाशिकची पोरगी, मोहालीत आयटीत हाय. ती खो खो हसत म्हणाली, "काका, तुमचं स्वतःचं सेटिंगच ओव्हरएक्सपोज्ड आहे यार!"

म्हंजे काय ते मला कळलं न्हाई, म्हणून ती वाचली.

*

ह्या ऋचाला एक सवय. क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काय बी टाकू दे, हिचं ठरलेलं, "नाइस कॅप्चर!" फूल टाका, नाइस कॅप्चर. गटार टाका, नाइस कॅप्चर.

आमच्यात एक सावंत हायत. कोकणातले, बँकेत मॅनेजर, बदलीवर आल्याले. त्यांची लेन्स एवढी मोठी की गाडीतनं आधी लेन्स उतरती, मग सावंत. तर ह्या सावंतांनी एक दिवस फोटो टाकला. दवाखान्याची कॉट, कॉटवर म्हातारी, पायाला प्लॅस्टर. खाली लिहिलेलं, "आई बाथरूममध्ये घसरली. पाय फ्रॅक्चर."

लगीच ऋचा हजर. "नाइस कॅप्चर काका! लाइट किती सॉफ्ट आहे!"

माझं डोकं फिरलं. म्हातारीचा पाय मोडलाय आन् हिला लाइट दिसतोय? म्हणलं आज हिला धुतोच. बसलो टाइप करायला. पण मला टायपिंगला वेळ लागतो. शिवी अर्धी झाली तवर सावंतांचंच उत्तर आलं.

"थँक यू! खिडकीचा उजेड आहे. फ्लॅश वापरलेला नाही."

*

महिन्यातनं एकदा वैद्य सरांच्या घरी मीटिंग असती. टीव्हीवर एकेकाचा फोटो लावायचा आन् बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. त्याचा एक नियम हाय. फोटो ज्याचा, तोंड त्याचं बंद! सगळ्यांचं बोलून होईपतूर त्यानं चकार शब्द काढायचा न्हाई.

आता मला सांगा, हा नियम माणसांसाठी हाय का दगडांसाठी?

मी म्हशीचा फोटो लावलेला. झिरकपूरच्या पल्याड एका गावातल्या तळ्यावरची म्हैस. सावंतांनी चष्मा पुसला आन् म्हणाले, "विषय जरा निर्जीव वाटतो. चेहऱ्यावर एक्सप्रेशन नाही."

मी ताडकन उठलो. "म्हशीला एक्सप्रेशन न्हाई? डोळे फुटले काय तुमचे? ती माझ्यावर चिडलीया! हा फोटो काढला आन् ती अंगावर आली! शेणातनं पळालो मी!"

सर म्हणाले, "हणमंतराव, तोंड बंद. नियम आहे ना बापा."

"नियम गेला खड्ड्यात! चाललो मी!" असं म्हणून मी तरातरा निघालो, दार उघडलं, आत गेलो आन् धाडकन लावून घेतलं.

ते दार बाहेरचं नव्हतं. सरांच्या अडगळीच्या खोलीचं होतं.

आत मिट्ट काळोख. एका बाजूला सुटकेसा, एका बाजूला कूलर. आता बाहेर कसं यावं? एवढं तावातावानं आलेला माणूस परत कुठल्या तोंडानं बाहेर येणार? तसाच उभा राहिलो, कूलरवर हात ठेवून. मग दारावर टकटक झाली. सरांचा आवाज आला, "हणमंतराव, डार्करूमचं काम झालं असेल तर या बाहेर. चहा झाला."

*

पण त्याच चहावर सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ, पण बोलणं पक्कं.

"हणमंतराव, आता अजून एकदा मीटिंगमध्ये ओरडले, तर मी ग्रुपमधून नाव काढून टाकीन. मला नाही आवडत हे, पण लोकं घाबरून राहिले. सावंत तर यायचंच नाही म्हणतात."

मी म्हणलं, "काढा की. मला काय फरक पडतोय!"

आन् स्कूटरवर बसलो तर किक मारवंना. दिवसभर मी दुकानात "हां जी, पक्का जी, शाम को ले जाना जी" करतो. पोराला मराठीत काय विचारलं तर ते हिंदीत उत्तर देतं. हिंदीत चिडता येतं मला, न्हाई असं न्हाई. पण ते दुसऱ्याचा शर्ट घातल्यागत वाटतं. महिन्यातनं एकदा ह्या लोकांत येऊन "आयला!" म्हणलं की छाती मोकळी होती. ही जागा गेली तर मी ओरडू कुठं?

तवा ठरवलं. तोंड मिटायचं.

*

ठरवलं आन् लगीच परीक्षा! थंडीत सुखना तळ्यावर लांबनं पाहुणे पक्षी येतात. आम्ही सकाळी धुक्यात जाऊन बसलो. कसलं तरी एक बदक पाण्यावर आलेलं. सावंतांची लेन्स तोफेगत रोखलेली. श्वास सुदिक हळू घ्यायचा. मला तर पायात मुंग्या आलेल्या, उठून पळावंसं वाटत होतं. पण बसलो!

मागनं एक सरदारजी आले, फिरायला निघालेले. मोठ्यानं म्हणाले, "की लभदे ओ जी?" म्हंजे, काय शोधताय?

मी बोलणार कसा? तोंडावर बोट ठेवलं आन् दुसऱ्या हातानं पाणी दाखवलं.

त्यांचं तोंड उतरलं. मागं वळून ते जे ओरडले, "ओए, कोई डुब्ब गया! आओ ओए!"

फिरायला आलेली सगळी जनता पळत आली. बदक गेलं. त्याच्याबरोबर तळ्यावरची सगळी पाखरं गेली. आन् सावंत, ज्यांनी जन्मात आवाज चढवला न्हाई, ते ओरडले, "गप्प बसा ना मूर्खांनो!"

वैद्य सर कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेले. मागं न बघताच म्हणाले, "हणमंतराव!"

मी तोंड उघडलंच नव्हतं! सरदारजींनी पण माझ्याच पाठीवर हात फिरवला. "गुस्सा नी करीदा, पुत्तर. चिड़ी सी, मुड़ आऊगी." म्हंजे, चिडू नये पोरा, पाखरूच होतं, परत येईल.

*

मग एकदा झिरकपूरच्या फ्लायओव्हरवर गेलो, दिवे लागायच्या वक्ताला. शटर बराच वेळ उघडं ठेवलं की पळणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या लांब लाल रेघा फोटोत उमटतात, असं सरांचं म्हणणं. लावले स्टँड, उघडलं शटर.

फोटो आला. एकपण रेघ न्हाई. गाड्यांचे नंबर वाचता येतील इतक्या गाड्या स्वच्छ! झिरकपूरचा जाम तो. गाडी हलंल तवा रेघ उमटंल ना!

पुन्हा काढला. पुन्हा तेच. एका कारमधला माणूस जांभई देत होता, ती जांभई सुदिक फोटोत आली.

मला राहवंना. सरांना विचारलं, "रस्त्यावर ओरडलो तर नाव काढणार का?"

सर म्हणाले, "मीटिंगमध्ये नाही ओरडायचं. रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

बास! घुसलो गाड्यांच्या मधे. "ओ भाईसाब, पीछे लो! ओ ट्रकवाले, सो गया क्या?" इकडं पळ, तिकडं पळ. एका ऑटोवाल्याची तर गळपट्टी धरायची वेळ आली. पण जाम सुटला! गाड्या सुसाट निघाल्या. सगळ्यास्नी झकास रेघा मिळाल्या.

मी घाम पुसत आलो. म्हणलं, "दावा की, मी कसा आलोय."

सरांनी स्क्रीन मोठी करून बघितली. इकडनं तिकडनं बघितली. म्हणाले, "तुम्ही नाही आले बापा. जो एका जागी थांबत नाही, तो ह्या फोटोत दिसत नाही."

*

आता शेवटची मीटिंग सांगतो.

माझे सगळे फोटो हललेले असतात. पण एक फोटो असा आला की बघतच राहिलो. गच्चीवर थंडीच्या उन्हात बायको मेथी निवडत बसलेली. शाल डोक्यावरनं घेतलेली, ऊन मागनं, नजर सरळ कॅमेऱ्यात. का कुणास ठाऊक, ह्या एका फोटोत हात हललाच न्हाई. डोळ्याची पापणीन् पापणी मोजून घ्या! म्हणलं, हाच लावायचा.

त्या दिवशी बायकोला पण बरोबर नेलं. तिची पहिलीच वेळ. वैद्य वहिनींनी तिला स्वयंपाकघरात नेलं. सावंत आन् ऋचा मागनं आले, त्यामुळं त्यास्नी ती आत हाय ह्याचा पत्ता न्हाई. आन् फोटोतली बाई कोण ह्याचा बी न्हाई.

फोटो लागला. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

ऋचा म्हणाली, "नाइस कॅप्चर! लोकल पंजाबी बाई ना? काय स्ट्राँग फेस आहे!"

सरांनी खोकून बघितलं.

सावंत पुढं सरकले. "प्रकाश छान आहे. पण क्षण चुकला. बाईचं तोंड उघडं आहे. हे बघा, एवढं उघडं. सगळा फोटो तिथंच बिघडला."

सर पुन्हा खोकले. सावंतांनी त्यास्नी पाण्याचा तांब्या दिला आन् पुढं चालू.

"ह्याला कारण एकच. हणमंतरावांना पेशन्स नाही. जरा थांबायचं होतं, तिचं बोलणं होऊ द्यायचं होतं. तोंड मिटलं की क्लिक! पण नाही. थांबणं ह्यांना माहीतच नाही!"

माझ्या कानातनं वाफा निघायला लागल्या. माझा एकुलता एक न हललेला फोटो! मी उठलो. खुर्ची मागं पडली. सरांनी फोन हातात घेतला, ग्रुप उघडला, अंगठा माझ्या नावावर नेला. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. मी श्वास घेतला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं आवाज आला. बायको उभी होती, हातात पोह्यांचा ट्रे.

"लगीन झाल्यापास्नं थांबल्यात ते, भावजी. तोंड काय मिटत न्हाई माझं."

सावंतांचा चष्मा नाकावरनं खाली आला. बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला, पदर खोचला आन् बोलायला सुरुवात केली. तो फोटो काढताना माझा मेथीवर पाय पडला तिथनं सुरुवात, मग स्कूटर, मग माझा भाऊ, मग २६ जानेवारीला मी हरवलेली छत्री. पोहे गार झाले. मी पडलेली खुर्ची उचलली आन् गप बसलो.

वैद्य सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग फोन उपडा करून टेबलावर ठेवला आन् माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हणमंतराव, बोला बापा तुम्ही. इथं तरी बोलत जा!"