फिलूमावशीने गाळलेली ओळ

कैतान तांडेलाचं नाव निघालं की आजही माझं डोकं सणकतं. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

चौपन्न साली अवचित वारा सुटला आणि फिलूमावशीचा नवरा सांतान हा कैतानच्या होडीवरून पाण्यात पडला. पाय जाळ्यात गुरफटले. होडीचा म्होरक्या म्हणून सुरी तांडेलाकडेच असायची. जाळं थोडं फाडलं असतं तर माणूस वर आला असता. किनाऱ्याला लागल्यावर कैतान म्हणाला, "सुरी दर्यात पडली." जाळं नवंकोरं होतं, ते शाबूत आलं. सांतान त्यातच गुंडाळलेला होता.

मावशी आमची ख्रिस्ती शेजारीण; आमचं घर तिच्या घराला लागून, मध्ये फक्त वई, काटक्यांचं कुंपण. माझी आई राधाबाई तिला म्हणाली, "फिलू, आमच्या देवळात गाऱ्हाणा घाल. ज्येना केल्यान त्येचा वाटोळा होवंदे."

मावशी म्हणाली, "माझा भांडान माझ्या देवावांगडा आसा गो. तुझ्या देवाक मधी कित्याक घालू?"

भांडण तिनं चारचौघांत मांडलं. वाडीचा खुरूस, म्हणजे क्रूस, तिच्या अंगणालगतच होता. तिथं संध्याकाळी लदीन व्हायची, सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना. मावशी एकेक ओळ सांगायची आणि लोक मागून म्हणायचे. कैतान मेणबत्त्या लावून सर्वांच्या पुढे उभा, मोठा भाविक! 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की मावशी गप्प व्हायची. तिनं सांगितल्याशिवाय म्हणणार कोण? सगळी वाडी तोंड मिटून उभी, आणि ती कैतानकडे टक लावून बघतेय. त्याची मान खाली गेली की मगच पुढची ओळ. मी वईआडून ऐकायचो आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

शेवटी पाद्री तिच्या घरी आले. "फिलोमेना, देवावर विश्वास आहे ना तुझा? मग ओळ का गाळतेस?"

"विश्वास आसा, म्हणानच त्येच्याकडे खोटा बोलूक भियतंय. माफ केलंय नाय, तर केलंय म्हणान कशी सांगू? आणि माझो घोव बुडत होतो तेव्हा देव खंय होतो, ता पयला सांगा."

पाद्री म्हणाले, "मला माहीत नाही." त्या दिवसापासून मी त्यांना मानू लागलो. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "मग चर्चमध्ये मिसाला तरी का येतेस?"

"ज्येच्यार राग आसा, त्येच्याच दारात जावचा लागता."

त्रेसष्ट साली कैतानच्या पोटात गाठ झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकून परत पाठवला. आपल्या खाटेशी लदीन फिलूनंच सांगावी, असा त्याचा हट्ट. वाडीला वाटलं, आता बाई विरघळणार. मला तीच धास्ती होती, म्हणून सोबतीचं निमित्त करून मीही गेलो.

मावशीनं प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली आणि ती थांबली. कैतानची बायको हात जोडून रडू लागली, "म्हण गो बाय, आज तरी म्हण."

मावशीनं कैतानला विचारलं, "सुरी खंय होती रे?"

त्यानं डोळे मिटले. "कमरेक होती. जाळा नवा होता."

मावशीनं हात उचलला. मला वाटलं, आता ही त्याच्या मुस्काटात मारणार, आणि मारायलाच हवी होती. तिनं तो हात कपाळाला नेला, खुरसाची खूण केली आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, ह्येका माफ करूचा माझ्यान जमणा नाय. तुझ्यान जमात तर तू कर. मी आडवी येवचंय नाय."

मग उरलेली प्रार्थना तिनं एकही शब्द न गाळता सांगितली.

दोन दिवसांनी कैतानला पुरलं. त्यांच्यात प्रत्येकानं खड्ड्यात उतरवलेल्या पेटीवर मूठभर माती टाकायची असते. मावशीनंही टाकली. इतक्या जोरात, की पेटी वाजली.