रिकाम्या खोलीचा घुमारा

आमच्या अक्काच्या धाकट्या दिरांइतका कान देऊन ऐकणारा माणूस भालकी तालुक्यात दुसरा सापडणार नाही, आणि दुसऱ्याचं काडीचंही न ऐकणारा त्यांच्याइतका कुणी नाही. भालकीत पंपदुरुस्तीच्या दुकानावर त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, लग्नातली गाणी, निवडणुकीच्या घोषणा, सगळं तिथंच रेकॉर्ड होतं. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी ते एक टाळी वाजवतात आणि तिचा आवाज पुरता विझेपर्यंत मान कलती करून उभे राहतात. पाणी विचारलं तरी तेवढा वेळ उत्तर देत नाहीत. माझ्या लग्नात कार्यालयाच्या मधोमध उभं राहून त्यांनी अशीच टाळी वाजवली, तर ती खूण समजून सगळ्या वऱ्हाडानं अक्षता टाकून दिल्या. नवरीचे मामा तावातावानं आले, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "कार्यालय लई घुमायलंय. नवरीचं नाव तरी कळायलंय का कुणाला?" पुन्हा अक्षता वाटाव्या लागल्या. माझं लग्न दोनदा लागलं ते असं.

त्यांच्या मते माणसाचा आवाज अर्धाच त्याचा असतो, उरलेला अर्धा भिंतींचा. कोरड्या रेकॉर्डिंगला हा भिंतींचा घुमारा मागाहून जोडणारी यंत्राची एक पेटी असते, धंद्यात तिला रिव्हर्ब म्हणतात. तशी एक जुनी पेटी त्यांनी तरुणपणी हैदराबादेतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणली होती, तीही बसमधून, मांडीवर घेऊन. "ह्यात काय हाय?" असं कंडक्टरनं विचारलं तर म्हणाले, "देऊळ हाय." बरीच वर्षं त्या देवळानं तालुक्याची भजनं घुमवली. मग एकदा वीज कमीजास्त झाली आणि पेटी जळाली. आठवडाभर त्यांनी स्टुडिओ उघडला नाही. पुढं कळलं की असल्या जुन्या पेट्यांची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअरं कॉम्प्युटरवर मिळतात. पडद्यावर तीच काळी पेटी, तेच लाल आकडे. त्यातल्या घुमाऱ्यांना मोठा हॉल, चर्च अशी नावं होती. "चर्चमधी आपल्यातलं कोण गाणार हाय?" म्हणून त्यांनी सगळी नावं बदलून टाकली. मुडबीची बारव, अफजलपूरचा घाट, भालकीचं बसस्टँड. निवडणुकीच्या घोषणांना बसस्टँड लावायचं, हा त्यांचा नियम.

एवढ्यावर थांबले असते तर लोकांनी त्यांना नुसतं छांदिष्ट म्हटलं असतं. पण एकामागून एक नकला आणून ते आकडे फिरवत बसायचे, त्यामागं कारण होतं. त्यांच्या आई, म्हणजे अव्वा, लिंगायत संतांची वचनं फार गोड गायच्या. त्या गेल्या. त्यांच्या आवाजाची, पेटीतून घुमारा जोडलेली एकच कॅसेट गावाकडं मुडबीच्या घरी होती. अप्पा, म्हणजे अक्काचे सासरे, रोज सकाळी ती लावायचे. एक दिवस टेपनं ती गिळली. मूळचं कोरडं रेकॉर्डिंग दिरांनी जपून ठेवलं होतं, ते त्यांनी घरी नेऊन ऐकवलं. अप्पा म्हणाले, "व्हय, तिचाच आवाज हाय. पर ती घरात न्हाई."

तेव्हापासून दर रविवारी दीर मोटारसायकलवर मागं स्पीकर बांधून मुडबीला जायचे. अप्पांच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकवून स्पीकर ठेवायचे आणि आठवडाभर जुळवलेला घुमारा लावून आईचा आवाज ऐकवायचे. अप्पा डोळे मिटून निकाल द्यायचे. "आज हिरीवर हाय." कधी, "माहेराला गेलीय." एकदा म्हणाले, "अंगणात आलीय. आत कामून येईना?" त्या दिवशी दीर जेवले नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की अप्पांचे कान आता फार दिवस साथ देणार नाहीत. मी एकदा न राहवून म्हटलं, "अण्णा, एवढ्याशा फरकानं काय होतंय?" तर म्हणाले, "पाव्हणं, बायको शेजारच्या खोलीत हाय का गावाला गेलीय, हे तुम्हाला घरात पाय ठेवल्याबरोबर कळतंय का न्हाई?" म्हटलं, कळतंय. "मग गप बसा."

एका रविवारी मीही मुडबीला होतो. आदल्या दिवशीच ट्रॅक्टर भरून सगळी तूर बाजारात गेली होती आणि खोली झाडून मोकळी केली होती. दिरांनी लॅपटॉप उघडला, आवाज सुरू केला आणि त्यांच्या ध्यानात आलं की घुमारा जोडायचाच राहिला. ते घाईनं बटणाकडं वळले, तोच अप्पांनी हात वर केला. "थांब." वचन संपेपर्यंत कुणी हललं नाही. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. "आली," ते म्हणाले. मग आमच्याशी नव्हे, तिच्याशी बोलले, "लई दिवस लावलेस."

अव्वा याच खोलीत बसून गायच्या, त्या दिवसांत पोती भरण्याएवढं पीकच नव्हतं, खोली रिकामी असायची. त्या खोलीचा घुमारा ध्यानात ठेवून दिरांनी पूर्वी पेटी जुळवली होती, आणि आता ते त्या पेटीची नक्कल जुळवत बसले होते. "सॉफ्टवेअरची काय चूक न्हाई," ते मला म्हणाले, "घुमारा पोती खातात, आणि मीच खोली बुजवून ठेवली की." पुढल्या वर्षापासून तूर भालकीच्या स्टुडिओत उतरू लागली. भजनी मंडळं पोत्यांवर बसून गायची आणि टाळांबरोबर शिंकायची.

अप्पांना आणखी दोन वर्षं मिळाली. शेवटी शेवटी काहीच ऐकू येईना, तरी रविवारी विचारायचे, "आली का?" दीर होकाराची मान डोलवायचे.

गेल्या साली अप्पा लिंगैक्य झाले. यंदाची तूर आली तेव्हा अक्का भीतभीतच म्हणाली, "भावजी, पोती आता त्या खोलीतच टाकायची का?" दिरांनी आम्हाला बाहेर काढलं, आत माईक उभा केला आणि एक टाळी वाजवली. एवढ्या एका टाळीवरून त्या खोलीचा घुमारा कॉम्प्युटरवर उतरवता येतो म्हणे. मग बाहेर येऊन म्हणाले, "आणा." पहिलं पोतं त्यांनीच पाठीवर घेतलं. शेवटचं आत गेलं तेव्हा त्यांनी सवयीनं हात वर केले आणि टाळी न वाजवता खाली घेतले.

परवा स्टुडिओत गेलो तर यादीत भालकीच्या बसस्टँडखाली नवं नाव दिसलं, अप्पाची खोली. मी विचारलं, "कुणाच्या गाण्याला लावली का?"

"न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले, "तिथं दोघं हायत."

आणि समोरच्या भजनी मंडळाला त्यांनी मुडबीच्या बारवेत नेऊन बसवलं.