साहेबांच्या भांड्यातलं जस्त

"तुम्ही मेटलर्जिस्ट ना, हेर साठे? मग सांगा, हे असं का होतंय?"

'हेर' म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत'. हेर क्रूगरनी माझ्या तळहातावर शिशाची गोळी ठेवली. गोळी कसली, मनुकाच तो. अंगभर सुरकुत्या, कडा अर्धवट.

शनिवारची सकाळ होती आणि आम्ही जर्मनीत, ब्राउनश्वाइगला त्यांच्या गॅरेजमध्ये उभे होतो. क्रूगर माझे बॉस. धावताना चाक थरथरू नये म्हणून रिमला छोटी वजनं ठोकतात, ती आमचा विभाग बनवायचा. साहेबांना नेमबाजीचा नाद. गोळ्या ते रीतसर परवाना काढून घरीच ओतायचे. पुढच्या आठवड्यात क्लबची स्पर्धा होती. त्याच आठवड्यात माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतली उमेदवारी, संपत होती. मला कायम करायचं की पुण्याला परत पाठवायचं, हे हाच माणूस ठरवणार होता.

निघताना बायको म्हणाली होती, "अहो, तिथे साहेबांना शिकवत बसू नका."

"साचा गार असला की सुरकुत्या येतात," मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणूनच कालपासून आच वाढवतोय. पण वाढवतो तितकं बिघडतंय."

अडलं की आच वाढवायची, हा त्यांचा ऑफिसातलाही खाक्या होता.

मी भांड्यात डोकावलो. वितळलेलं शिसं चकचकीत दिसतं. ही तर लापशी होती. मला जस्ताचा संशय आला. शिशात जस्त मिसळलं की रस नीट वाहत नाही, साचा भरत नाही. आच बेताची असेल तर जस्त न वितळता वर तरंगतं, पळीने काढून टाकता येतं. आच वाढवली की तेही वितळतं, आणि मग सगळंच मुसळ केरात.

"माल कुठला?"

"टायरवाल्याकडची जुनी वजनं. फुकट देतो. वर्षानुवर्षं तीच वापरतोय."

बादलीतलं एक वजन उचलून मी फरशीवर टाकलं. शिसं असतं तर थप्प वाजलं असतं. हे खणकन वाजलं, म्हणजे जस्तच. युरोपात नव्या गाड्यांवर शिशाची वजनं बंद झाल्यावर जस्ताची आणली ती आमच्याच विभागाने. प्रोजेक्टचे प्रमुख क्रूगर. कँटीनमध्ये केकसुद्धा त्यांनीच कापला होता.

"यात जस्त आहे," मी हळूच म्हणालो.

"जस्त? कोणत्या गाढवाने वजनांत जस्त घातलं?"

हवेच्या दमटपणावर ढकलून द्यावं, असं क्षणभर मनात आलं. पण हे भांडं सोमवारी पुन्हा माझ्याच गळ्यात आलं असतं. मी ते वजन उलटं करून त्यांच्या हातात दिलं. त्यावर आमच्या कंपनीचा शिक्का होता आणि शेजारी 'झेड एन', म्हणजे जस्त. ही दोन अक्षरं हवीतच म्हणून क्रूगर मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून भांडले होते, हा किस्सा मी पहिल्याच आठवड्यात तिघांकडून ऐकला होता. भंगारात कुणाचा गोंधळ व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि अंगठ्याने शिक्का पुसून पुन्हा वाचलं.

"आल्झो, असं आहे तर," ते शेवटी म्हणाले, "अक्षरं बारीक आहेत."

"हो," मी म्हणालो, "बारीकच आहेत."

भांडंभर धातू भंगारात गेला. स्पर्धेत क्रूगर विकतच्या गोळ्यांनी खेळले आणि आयुष्यात प्रथमच पहिले आले. मी कायम झालो. त्यानंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "झेड एन मोठं करा. ग्राहकाची तक्रार आली आहे."

मी मान खाली घालून लिहून घेतलं. सूचना कितीही ठळक छापा, ती छापायला लावणारा माणूस ती वाचेल या भरवशावर डिझाइन करू नये.