टेबलावरची पानं मोठ्यानं वाचताना

लास वेगासला आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनिअर होता आणि मी मराठीची एम.ए., म्हणजे त्या गावात कुठल्याच उपयोगाची नाही. घरात बसून कंटाळले होते. शेजारची बाई कसिनोत पत्ते वाटायची. तिनं मला डीलरच्या शाळेत नेऊन बसवलं.

"आपल्याकडे पत्ते खेळतो म्हणून शाळेतून काढतात," नवरा म्हणाला, "आणि इथे पत्त्यांचीच शाळा!"

मला ते काम आवडलं. लहानपणी सुट्टीत मेंढीकोट खेळून हात तयार झालेला होताच. पानं पिसायची, सगळ्यांसमोर काटायची, कुणाला दिसणार नाहीत अशी टेबलालगत सरकवत वाटायची. टेबल सोडताना तळवे उलटेसुलटे करून दाखवायचे, म्हणजे हातात काही लपवलेलं नाही हे सगळ्यांना कळतं. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहणाऱ्या माझ्या बहिणीनं फोनवर विचारलं, "अगं, पण आईला काय सांगू मी?" म्हटलं, "सांग, हॉटेलात नोकरी आहे." खोटं नव्हतं. कसिनोच्या वर हॉटेल होतंच.

वसंतात तिथे पोकरची मोठी स्पर्धा भरायची. बाहेरगावचे डीलरसुद्धा येत. पहिल्या वर्षी मलाही उभं केलं, म्हणजे बसवलं. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात बो. आदल्या संध्याकाळी तो बो बांधायला नवरा आणि मी दोघं आरशासमोर झटत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर टेक्सासचे एक म्हातारे गृहस्थ आले. रुंद टोपी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि मधोमध पाच पानं उघडी मांडतात, ती सगळ्यांची. म्हातारेबुवा हातातली दोन पानं नाकाला लावून बघायचे. मधली पानं उघडली की मान पुढे काढून डोळे बारीक करायचे. तिसऱ्या-चौथ्या डावाला त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, ते शेवटचं पान कुठलं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात समोरचा दाढीवाला तरुण म्हणाला, "डीलरनं खेळाडूला मदत करायची नसते."

त्याचं बरोबर होतं. पण न दिसणाऱ्या पानांवर माणसानं खेळायचं तरी कसं? मी खेळ थांबवला आणि हात वर करून सुपरवायझरला बोलावलं. म्हातारेबुवा कानापर्यंत लाल झाले. "राहू द्या, मी उठतो," असं पुटपुटले.

"उठू नका," मी म्हटलं. मग सुपरवायझरला विचारलं, "मी प्रत्येक पान सगळ्यांसाठीच मोठ्यानं वाचलं तर? मग एकट्याला मदत होणार नाही."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. कुणाची हरकत नव्हती. दाढीवालाही खांदे उडवत म्हणाला, "सगळ्यांसाठी असेल तर चालेल."

मग मी वाचायला लागले. राजा, सत्ती, दुर्री, सगळं इंग्रजीत, शाळेतल्या बाईंसारखं स्पष्ट. सुरुवातीला जीभ जपून चालली होती. मग हात आणि तोंड एका लयीत आले, आणि एका डावात मी पान उलटून खणखणीत आवाजात म्हटलं, "बदाम राणी!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"बदाम?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे हार्ट. सॉरी. आमच्या भाषेत."

"टेबलावर फक्त इंग्रजी, हा नियम आहे," दाढीवाला म्हणाला, पण या वेळी त्याला हसू आवरत नव्हतं. पुढच्या डावात त्यानंच इस्पिक, चौकट, किलवर विचारून घेतलं. माझी वेळ संपली, मी तळवे दाखवून उठले. दुपारी परत त्या टेबलाशी आले तेव्हा आर्कन्सासचा एक दांडगा डीलर पानं वाचत होता आणि तोही "बडाम, बडाम" करत होता. मला इतकं हसू आलं की खुर्चीत बसण्याआधी पाणी प्यावं लागलं.

म्हातारेबुवा संध्याकाळच्या सुमाराला हरले, तेही त्या दाढीवाल्याकडूनच. तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून, "सर, तुमच्याबरोबर बसायला मिळालं," एवढंच म्हणाला.

मी ब्रेकवर बाहेर आले तेव्हा म्हातारेबुवा पॅसेजमधल्या सोफ्यावर कॉफी घेऊन बसले होते. मी म्हटलं, "माझ्या आईला हेच झालं होतं. मोतीबिंदू. ऑपरेशन केलं आणि आठ-पंधरा दिवसांत भाजी निवडायला लागली."

"मला सुरीची भीती वाटते," ते म्हणाले. "जन्मभर सगळं पणाला लावत आलो. पण डोळा पणाला लावायला धीर होत नाही."

"आई तुमच्यापेक्षा भित्री आहे," मी म्हटलं. "झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते. तीसुद्धा ऑपरेशनला गेली."

ते खूप वेळ हसत राहिले. घरी कुणाला सांगितलं आहे का, असं विचारलं तर म्हणाले, "मुलीला संशय आहे. आता सांगतो."

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या पहिल्याच सकाळी ते माझ्या टेबलावर आले. नाकावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तसा जाड भिंगांचा चष्मा होता. मधली पानं ते आरामात मागे रेलून बघत होते, त्यामुळे मला काही वाचावं लागलं नाही. डाव संपल्यावर मी पानं गोळा करत होते, तर ते माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "मॅडम, तुमच्या नाकात काहीतरी चमकतंय. गेल्या वर्षीही होतं का?"

"होतं की. लग्नापासून आहे. चमकीच म्हणतात तिला."

"छान आहे," ते म्हणाले.

त्या वर्षी ते जेवणाच्या सुट्टीआधीच हरले. टोपी उचलून सगळ्यांचा निरोप घेतला आणि कॉफी शॉपमध्ये लेक थांबली होती, तिच्याकडे गेले.