पहिलं पाऊल कुणाचं

रेवणसिद्ध मठपती माणूस म्हणून काही गोड नव्हता. जळकोटकडच्या त्या गावात सगळा बाजार त्याच्या जिभेला टरकून असे. घराणं जंगमाचं. लिंगायतांच्या घरची वास्तू असो की मयत, त्याच्यावाचून पान हलत नसे; काम उरकलं की मात्र कुणी साधा चहा विचारत नसे. म्हातारा ते पुरतं ओळखून होता. "गरजेपुरता स्वामी, गरज सरली की भिकारी," असं चारचौघांत म्हणायचा आणि समोरच्याच्या सात पिढ्या काढायचा. एका पार्वतम्माच्या दम्यापुढं तेवढा त्याचा तोरा उतरायचा. बायकोला धाप लागली की हा बाबा लेकरासारखा कावराबावरा व्हायचा.

गेल्या साली ओढ्याच्या पुरानं खालच्या गल्लीतली घरं बसली, तेव्हा समाजानं वर्गणी करून माळावर निवारा बांधला. पाऊसपाण्यात ज्याचं घर जाईल त्यानं तिथं यावं, जातपात विचारायची नाही, असं ठरलं. ठरलं ते चांगलंच ठरलं. माती केली ती अध्यक्ष झालेल्या बसलिंगप्पा आडत्यानं. भिंती उठेपर्यंत निवारा गावाचा होता; फरशी बसली तसा तो ह्याच्या बापाचा झाला. आत पहिलं पाऊल मठाच्या मोठ्या महाराजांचं पडेल, त्यांची पाद्यपूजा होईल, मगच लोकांसाठी दार उघडेल, असं त्यानं जाहीर केलं. महाराजांना सवड होईना. दारावर हात जोडलेल्या बसलिंगप्पाचा फलक लागला आणि खाली कुलूप.

भादव्यात आभाळ फाटलं. दुपारपर्यंत खालच्या गल्लीत कमरेएवढं पाणी झालं. लोक डोक्यावर खताची रिकामी पोती पांघरून माळावर आले. पार्वतम्माला बाजेवर घालून आणलं आणि निवाऱ्याच्या उघड्या पायऱ्यांवर टेकवलं. तिचे ओठ काळेनिळे पडले होते, छातीतून शिट्टी वाजत होती. बसलिंगप्पा छत्री धरून उभा, किल्ली खिशात. त्यानं म्हणे महाराजांना फोन केला होता. गाडी उदगीरच्या वाटेवर पुलाअलीकडं अडकली होती. जरा दम धरा, पाणी उतरलं की येतीलच, रीत मोडून कसं चालेल, असं तो लोकांना सांगून राहिला होता. थू असल्या रीतीवर!

रेवणसिद्ध आता शिव्यांची सरबत्ती करणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"बसलिंगप्पा, तुझ्या बापाच्या मयतीला डोक्यावर पाय कुणी ठेवला रे?"

जंगमाचा पाय डोक्याला लागल्याशिवाय लिंगायताला माती देत नाहीत. ते काय कुणाला सांगायला पाहिजे होतं?

"तुम्हीच, स्वामी."

"तवा महाराजासाठी थांबलास?"

बसलिंगप्पा छत्रीचा दांडा चाचपत राहिला.

"बापाच्या टाळक्यावर हा पाय चालला, अन् तुझ्या फरशीवर चालत न्हाई?"

कुणी हसलं नाही. गर्दीतल्या निम्म्यांच्या आईबापांना तोच पाय लागलेला होता. ते सगळे नुसते बसलिंगप्पाकडं बघत राहिले, आणि त्यानं किल्ली काढली. चिखलानं बरबटलेला तो पाय पांढऱ्या फरशीवर पडला आणि मागून अख्खी गल्ली शेळ्यांसकट आत शिरली.

पण अध्यक्ष कसला ऐकतोय! कपाटातून त्यानं चांदीचं ताट नि तांब्या काढला, फोटो काढायला एकाच्या हातात मोबाईल दिला आणि म्हाताऱ्याचे पाय धुवायला बसला. महाराज नाही तर नाही, पूजा तरी पदरात पडावी. रेवणसिद्धनं पाय मागं घेतला.

"पाय ऱ्हाऊ दे. पाणी तापीव, हिची छाती शेकायचीय."

बसलिंगप्पा तांब्या घेऊन उठला आणि सगळा निवारा धुंडाळून आला. महाराजांसाठी ताट होतं, मखमली गादी होती, हार ठेवायला टेबल होतं. चूल नव्हती. काडेपेटीसुद्धा नव्हती. लोकांच्या निवाऱ्यात लोकांसाठी म्हणून त्या शहाण्यानं एक वस्तू आणली नव्हती.

म्हाताऱ्यानं ती कोरी गादी ओढली, पार्वतम्माला तिच्यावर भिंतीला टेकवून बसवलं आणि अध्यक्षाच्या खांद्यावरच्या शालीसाठी हात पुढं केला. बसलिंगप्पानं ती मुकाट्यानं उतरवून दिली. शालीत गुंडाळलेल्या पार्वतम्माच्या छातीतली शिट्टी हळूहळू बसत गेली, तेव्हा गावभर कुणालाच न घाबरणारा तो म्हातारा तिच्या पायाशी बसून सगळ्यांदेखत रडला.