रविवारची एक ओळ

"आप दिघेजी के कौन हैं?" दिघ्याच्या घरमालकाने फोनवर विचारलं. दिघे झोपेतच गेला होता. टेबलावरच्या कागदावर एकच नंबर लिहिलेला होता, माझा. आणि मी गेल्या तीन महिन्यांत त्याला साधा फोनही केला नव्हता...

तो साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आला आणि बायको गेल्यावरही इथेच राहिला. एका कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा. मी घरी बसून भाषांतरं करणारा, माझं मशीन जुनाट. चार फाइली उघडल्या की थिजायचं. ते बघायला पहिल्यांदा आला तेव्हा पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत म्हणाला, "भिया, याची मेमरी कमी पडतेय. डिस्कवरची थोडी रिकामी जागा स्वॅप म्हणून, म्हणजे उसनी मेमरी म्हणून, देऊन टाकू. स्लो चालेल, पण अटकणार नाही." आणि खरंच चाललं. फक्त आमच्या मल्हारगंजात आठवड्यातून एकदा तरी लाइट जायची, मशीन पुन्हा सुरू केलं की स्वॅप गायब. मग रविवारी दिघे यायचा, एक ओळ टाइप करायचा आणि दुपारपर्यंत गप्पा मारत बसायचा. मला शिकव म्हटलं, की हसायचा. "अपन आहे ना, भिया!"

एकदा काम तुंबलं आणि मी चिडलो. "दर वेळी तुझी वाट बघत बसू का?" त्याच आठवड्यात मी नवा कॉम्प्युटर घेतला, भरपूर मेमरीचा, आणि मोठ्या फुशारकीने त्याला फोन केला. "आता तुला त्रास नाही!"

"बढिया," तो म्हणाला. "मग आता रविवारी माझं काय काम?" आम्ही दोघंही हसलो. मी 'तरी ये' म्हणालो नाही.

त्याची खोली आवरताना लॅबमधल्या मुलांसाठी लिहिलेली वही सापडली. सुवाच्य अक्षर. स्वॅप जोडण्याची शेवटची पायरी त्याने दोनदा अधोरेखित केली होती: 'ही ओळ सिस्टिमच्या फाइलमध्ये लिहायला विसरू नका. नाहीतर मशीन सुरू केल्यावर दर वेळी पुन्हा करावं लागेल.'

मुलांना हे बजावणारा माणूस माझ्याकडे वर्षभर ती ओळ फाइलमध्ये लिहायला विसरला असेल, असं मला स्वतःला समजावता येत नाही. त्याला यायचं होतं. एवढंच. आणि मी त्याचं येणंच बंद केलं.

आजही रविवार आहे. माझ्या बायकोने सवयीने पोह्यांच्या तीन बश्या काढल्या, एक परत ठेवली. नवा कॉम्प्युटर समोर सुरू आहे. तो अजून एकदाही अडकलेला नाही.